खाद्यपदार्थांचे छायाचित्र परत का येते: प्रकाश, पोत आणि पडद्यावरचा लहानसा चौकोन

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदार्थ उत्तम जमतात, खाणाऱ्यांना आवडतात, हाताशी चांगला फोन आहे आणि एक जुना डीएसएलआर कॅमेराही आहे. तरीही इंटरनेटवर निवडक खाद्यछायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या दालनांकडे पाठवलेले प्रत्येक चित्र ‘प्रकाश अपुरा’, ‘चित्र स्पष्ट नाही’ किंवा ‘रचना अवघडलेली’ अशा तीन-चार शब्दांच्या शेऱ्यासह परत येते. अशा वेळी नवा कॅमेरा घ्यावा का, नाही तर नेमके काय बदलावे, आणि परत आलेल्या चित्राचे काय करावे?

कॅमेरा घेऊ नये, हे आधीच सांगतो. मी अनेक वर्षे खाद्यपदार्थांचीच छायाचित्रे काढत आलो आहे आणि काही काळ दुसऱ्यांची चित्रे निवडण्याचे कामही केले आहे. नापसंत केलेल्या चित्रांपैकी कॅमेरा कमी पडल्यामुळे बाजूला ठेवावे लागले असे चित्र क्वचितच आढळले. बहुतेक चित्रे ज्या ठिकाणी काढली होती त्या ठिकाणामुळेच मागे पडली होती, कारण ती स्वयंपाकाच्या ओट्यावर, छताच्या दिव्याखाली, पदार्थ वाढून झाल्यावर घाईघाईने काढलेली होती.

निवड कशी होते हे समजले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. निवडणाऱ्यासमोर तुमचे चित्र एकटे आणि मोठे असे येत नाही. ते इतर अनेक चित्रांच्या रांगेत लहानशा चौकोनात येते, आणि त्याच्याकडे पाहायला मिळणारा वेळ एखाद-दोन सेकंदांचा असतो. खाद्यचित्रांची टेस्टस्पॉटिंग आणि फूडगॉकर ही दालने अनुक्रमे २००७ आणि २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून लहान चित्रांची जाळी हीच या प्रकाराची ओळख आहे, आणि आजही समाजमाध्यमांवर किंवा शोधयंत्रावर चित्र प्रथम दिसते ते अंगठ्याएवढेच. म्हणून पाठवण्यापूर्वी स्वतःचे चित्र साधारण २५० पिक्सेल रुंदीएवढे लहान करून हातभर अंतरावरून पाहावे. पदार्थ कोणता ते लगेच कळते का, आणि नजर थेट त्याच्यावर जाते का, या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर ते चित्र पाठवण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. छायाचित्रातून वास येत नाही आणि चवही कळत नाही. पाहणाऱ्याच्या मनात चव जागी होते ती फक्त पोतामुळे: पावाच्या कवचाचा खरखरीतपणा, सूपवरचा तेलकट तवंग, केकच्या कापलेल्या कडेवरची बारीक छिद्रे, भाताचा सुटा दाणा. पोत म्हणजे पृष्ठभागावरचे बारीक चढउतार, आणि चढउतार डोळ्याला जाणवतात ते त्यांच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते म्हणून. सावली नाहीशी झाली की पोत नाहीसा होतो आणि पोताबरोबर चवही जाते. कॅमेऱ्यावरचा किंवा फोनवरचा फ्लॅश वापरू नये असे सगळे सांगतात त्याचे खरे कारण हेच आहे. तो प्रकाश पाहणाऱ्याच्या दिशेनेच येतो, त्यामुळे प्रत्येक सावली वस्तूच्या मागे लपते आणि पदार्थ सपाट कागदासारखा दिसू लागतो.

तेव्हा प्रकाश बाजूने किंवा मागून यायला हवा. ताटली म्हणजे घड्याळाची तबकडी आणि कॅमेरा ६ च्या आकड्यापाशी, अशी कल्पना करा. खिडकी ९ ते ११ च्या दरम्यान किंवा १ ते ३ च्या दरम्यान असली की बहुतेक पदार्थ चांगले दिसतात. पातळ, चमकदार किंवा वाफाळणाऱ्या पदार्थांसाठी आणि पेयांसाठी ती ११ ते १२ कडे सरकवावी, कारण मागून येणारा प्रकाश द्रवाच्या पृष्ठभागावरून चमकून कॅमेऱ्याकडे येतो, पेयाच्या आरपार जातो आणि वाफ उजळवतो. वाफ दिसायची असेल तर तिच्यामागची पार्श्वभूमी गडद हवी. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ कधीच दिसत नाही.

हे एकदा स्वतः करून पाहावे. टोमॅटोच्या सूपचा उथळ वाडगा घ्या, घरातले सर्व दिवे बंद करा आणि ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिच्यापासून दोन-तीन फुटांवर टेबलावर तो ठेवा. प्रथम खिडकीकडे पाठ करून उभे राहा. सूप लाल रंगाच्या सपाट चकतीसारखे दिसेल, आणि तुमची स्वतःची सावलीही त्याच्यावर पडेल. आता टेबलाभोवती हळूहळू फिरत खिडकी तुमच्या डाव्या हाताला येऊ द्या. वाडग्याच्या कडेची सावली आत पडेल, वर सोडलेल्या मलईची रेघ उठून दिसेल, मिरपुडीचा कण न् कण वेगळा होईल. आणखी थोडे पुढे जाऊन खिडकी जवळजवळ समोर आली की सूपच्या पृष्ठभागावर एक लांबट पांढरी चमक उमटेल. ती चमक म्हणजेच ‘पातळ, गरम, ताजे’ असे सांगणारी खूण. त्याच वेळी वाडग्याची तुमच्याकडची बाजू काळवंडेल. ती उजळवण्यासाठी खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा किंवा पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा उभा करा आणि तो वाडग्याजवळ आणत व दूर नेत सावली किती गडद ठेवायची ते ठरवा. सावली पूर्णपणे पुसून टाकू नका. सावली फारच फिकी वाटली तर पांढऱ्याच्या जागी काळा कागद उभा करावा; तो परावर्तित प्रकाश शोषून घेतो आणि कडांना वजन येते. या अर्ध्या तासात जे कळते ते कितीही वाचून कळत नाही, म्हणून ते टाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिच्यावर पातळ पांढरा पडदा किंवा बटर पेपर लावावा. त्यामुळे उन्हाच्या बिंदूसारख्या उगमाचे रूपांतर मोठ्या उजळ पृष्ठभागात होते आणि सावल्यांच्या धारदार कडा मवाळ होतात. प्रकाश मऊ की कठोर हे त्याच्या तीव्रतेवर नव्हे, तर वस्तूच्या तुलनेत त्याचा उगम किती मोठा दिसतो यावर ठरते. म्हणूनच झाकोळलेल्या दिवशी संपूर्ण आकाश हाच मऊ दिवा होतो. आणि दिवे बंद करण्याचा आग्रह का, तर घरातल्या पिवळसर दिव्याचा रंग साधारण २७०० केल्विनचा (प्रकाशाची रंगछटा मोजण्याचे एकक; आकडा कमी तितकी छटा पिवळी) असतो आणि दिवसाच्या प्रकाशाचा साधारण ५५०० केल्विनचा. दोन्ही एकत्र आले की ताटलीची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी होते, आणि ते पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये समाधानकारकपणे सुधारत नाही. रात्रीच चित्र काढावे लागत असेल तर एकच मोठा दिवा एका बाजूला ठेवून त्याच्यासमोर बटर पेपर ताणावा आणि बाकीचे दिवे बंद करावेत. तत्त्व तेच राहते, फक्त खिडकी आपण बनवलेली असते.

‘प्रकाश अपुरा’ हा शेरा मात्र दरवेळी खोलीतल्या अंधारामुळे येत नाही. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोर दिसणारे सर्व काही मिळून मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. पांढरी ताटली, पांढरे कापड आणि पांढरा भात त्याच्यासमोर ठेवला की तो त्या पांढऱ्यालाच राखाडीकडे ओढतो, आणि चित्र मळकट येते. पांढरे जास्त असलेल्या चित्रात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) साधारण दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. उलट, गडद लाकडावर गडद पदार्थ असेल तर तेवढेच कमी करावे. फोनवर पदार्थावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, आणि मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवता येतो. तेलाच्या थेंबावरची बारीक चमक पूर्ण पांढरी झाली तरी चालते, पण ताटलीची कड पार्श्वभूमीत विरघळता कामा नये.

‘चित्र स्पष्ट नाही’ या शेऱ्यामागे तीन निरनिराळे दोष असतात आणि तिघांवर उपाय वेगवेगळे आहेत. पहिला म्हणजे हात हलणे. खिडकीचा प्रकाश डोळ्याला भरपूर वाटला तरी कॅमेऱ्याला तो कमीच असतो, त्यामुळे शटरचा वेग एक-तीसांश सेकंदापर्यंत खाली येतो, म्हणजे ते जास्त वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात हात हलतो. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर वापरला की हा दोष संपतो, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० किंवा २०० वर ठेवता येत असल्यामुळे सावल्यांमध्ये रवाळपणाही येत नाही. दुसरा दोष म्हणजे फोकस चुकीच्या जागी असणे. तो पदार्थाच्या पुढच्या बाजूच्या सर्वांत खुणावणाऱ्या जागी हवा, मागच्या कडेवर किंवा चमच्यावर नव्हे. तिसरा दोष डीएसएलआर वापरणाऱ्यांचा आहे आणि तो हौसेने ओढवून घेतलेला असतो: पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात लेन्सचे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, पूर्ण उघडले जाते (एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स अर्ध्या मीटरवरून वापरली तर एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ सेंटिमीटर असते. म्हणजे केकच्या तुकड्याचे टोक स्पष्ट आणि त्यामागचे सगळे धुके. तेच अपर्चर एफ/५.६ केले की ही खोली सुमारे ३ सेंटिमीटर होते आणि तुकड्याचा पुढचा भाग त्यात मावतो. मी बहुतेक चित्रे एफ/५.६ ते एफ/८ मध्ये काढतो आणि पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर ती पदार्थापासून दूर नेतो. फोनवरच्या पोर्ट्रेट मोडबद्दलही तेच म्हणेन: तो धूसरपणा हिशेबाने तयार करतो, आणि पेल्याची कड, काट्याची टोके किंवा कोथिंबिरीचे देठ अशा ठिकाणी त्याचा हिशेब हमखास चुकतो. निवडणाऱ्याच्या सरावलेल्या डोळ्याला ते लगेच दिसते. फोनची लेन्स मऊ कापडाने पुसणे ही इतकी साधी गोष्ट आहे की ती राहूनच जाते. स्वयंपाकघरातल्या फोनवर बोटांचे तेल नेहमीच असते आणि त्याने संपूर्ण चित्रावर पांढुरका पडदा येतो.

कोन पदार्थाच्या उंचीवरून ठरतो. पिझ्झा, सॅलड, एका टेबलावर मांडलेल्या अनेक वाट्या, अशा सपाट गोष्टींचे सौंदर्य वरून दिसते, आणि तेव्हा कॅमेरा खरोखर ९० अंशांत, टेबलाला समांतर हवा. अर्धवट वरचा कोन, म्हणजे साधारण ७० अंशांचा, हा ‘अवघडलेली रचना’ या शेऱ्यामागे वारंवार सापडतो, कारण त्यात ताटली घसरत असल्यासारखी भासते. थरांचा केक, बर्गर, उंच पेले समोरून पाहावेत. वाडग्यातल्या पदार्थांना ३० ते ४५ अंश मानवतात, कारण जेवायला बसलेला माणूस त्यांच्याकडे तसेच पाहतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची दृष्टी मात्र रुंद असते, साधारण २४ ते २६ मिलिमीटर लेन्सएवढी, त्यामुळे जवळ गेले की ताटलीची जवळची कड फुगते आणि पेले बाहेर झुकतात. एक पाऊल मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा.

रचनेबद्दल पुस्तकी नियम बरेच आहेत आणि तृतीयांशाचा नियम (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवणे) त्यांत आघाडीवर आहे. माझे प्रामाणिक मत असे आहे की लहान चौकोनात तो फारसा उपयोगाचा नाही. तिथे मध्यभागी ठेवलेला, तीन बाजूंनी थोडी मोकळी जागा असलेला पदार्थ अधिक ठाम दिसतो. खरी चूक वेगळीच असते. छायाचित्रकार इतका जवळ जातो की चौकोनात कापताना ताटलीला जागाच उरत नाही. चित्र काढताना चारही बाजूंनी सैल ठेवावे, कापणे नंतर करता येते. शिवाय चित्रात कोण मुख्य आहे हे आधी ठरवावे आणि जी वस्तू त्याला मदत करत नाही ती उचलून ठेवावी. नक्षीदार ताटली, भडक रुमाल आणि फुलदाणी या तिघी मिळून पदार्थाचा जीव घेतात. बिनचमकीची, फिक्या किंवा मातकट रंगाची आणि नेहमीपेक्षा एक माप लहान अशी ताटली घ्यावी. मोठ्या ताटलीत तेवढेच अन्न केविलवाणे दिसते.

पदार्थाकडे येऊ. तयार झालेला पदार्थ चित्रासाठी फार थोडा वेळ चांगला राहतो: स्निग्ध पदार्थ निवले की गोठून निस्तेज होतात, सॅलडची पाने मीठ लागले की पाणी सोडतात, पास्ता सगळा रस पिऊन टाकतो. म्हणून आधी त्याच आकाराचा रिकामा वाडगा ठेवून त्यात चुरगळलेला कागदी रुमाल भरावा आणि प्रकाश, कोन, फोकस, उजेड असे सर्व काही त्याच्यावर निश्चित करावे. पदार्थ सर्वांत शेवटी आणावा आणि पहिल्या पाच मिनिटांत काम उरकावे. हिरव्या भाज्या जास्त शिजल्या की त्यांच्या हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरव्याचा खाकी होतो. आंबट पदार्थात हे आणखी लवकर होते. तेव्हा चित्रासाठीच्या भाज्या थोड्या कमी शिजवाव्यात, उकळत्या पाण्यातून काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि वरची ताजी पाने कॅमेऱ्याचे बटण दाबण्याच्या क्षणभर आधी ठेवावीत. कोरड्या पडलेल्या तुकड्यांवर ब्रशने तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. ताटलीच्या कडेवरचे ओघळ ओल्या कागदाने पुसावेत, पण सगळेच पुसू नयेत. चमच्याने उचललेली एक जागा, पावाचे दोन-चार कण राहू दिले की पदार्थ खाण्यासाठी आहे असे वाटते.

सूपमध्ये भाज्यांचे तुकडे तळाला बसतात ही सर्वांची अडचण आहे आणि तिला एक प्रसिद्ध इतिहास आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला, कारण भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या होत्या आणि त्यामुळे सूपमध्ये प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा जास्त भाज्या असल्याचा भास होत होता. प्रामाणिक उपाय सोपा आहे: वाडगा उथळ घ्यावा, तुकडे आधी ठेवून द्रव नंतर बाजूने ओतावा. पाककृतीसोबत जाणाऱ्या चित्राने पाककृतीत जे आहे तेच दाखवावे, यावर मी ठाम आहे. आइस्क्रीमच्या जागी बटाट्याचा लगदा किंवा मधाच्या जागी इंजिनचे तेल या जुन्या जाहिरातींच्या क्लृप्त्या पाककृती सांगणाऱ्याने वापरू नयेत. वाचक तो पदार्थ स्वतः करणार असतो आणि चित्र त्याला दिलेला शब्द असतो.

संपादन थोडेच करावे, पण क्रमाने करावे. शक्य असेल तर चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्यावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटांच्या रॉ फाइलमध्ये ४०९६, आणि सावल्या उजळवताना हा फरक दिसतो. प्रथम व्हाइट बॅलन्स ठरवावा, म्हणजे पांढरे पांढरेच दिसेल असा रंगांचा तोल साधावा. त्यासाठी पहिल्या चित्रात पदार्थाशेजारी एक राखाडी कार्ड ठेवून घेतले की पुढे एका टिचकीत काम होते. रंगीत भिंतीचा किंवा तुमच्या भडक कपड्यांचा रंगही पदार्थावर परावर्तित होतो, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर उजेड, मग सावल्या, आणि अगदी शेवटी रंगांची गडदता (सॅच्युरेशन). ही शेवटची पट्टी सर्वाधिक नुकसान करते. लाल आणि नारिंगी रंग सर्वांत आधी फुटतात, टोमॅटोवरचे बारीक बदल एकसंध लाल डागात बुडतात, आणि जो पोत मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला तो एका हालचालीने जातो.

फाइल एसआरजीबी या, इंटरनेटवर सर्वत्र चालणाऱ्या रंगव्यवस्थेतच जतन करावी. अडोबी आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या व्यवस्थेतले चित्र तुमच्या संगणकावर ठसठशीत दिसते, पण जिथे त्या व्यवस्थेची दखल घेतली जात नाही तिथे ते फिके पडते, आणि ‘रंग निस्तेज’ हा शेरा पुष्कळदा केवळ या एका निवडीमुळे येतो. आकार आधी लहान करावा, धार (कडा ठळक करणारे शार्पनिंग) त्यानंतर लावावी. उलट केल्यास लावलेली धार आकार घटवताना हरवते. लांबीरुंदी आणि चौकट ज्याच्या त्याच्या नियमाप्रमाणे द्यावी. स्वतःच्या पाककृतीच्या पानासाठी म्हणाल तर पाककृतीच्या चित्रांसाठी गूगलच्या मार्गदर्शनात १६:९, ४:३ आणि १:१ या तिन्ही प्रमाणांतली चित्रे देण्याची शिफारस आहे, आणि गूगलच्या डिस्कव्हर विभागात (फोनवर वाचकाला आपोआप सुचवल्या जाणाऱ्या मजकुराच्या यादीत) चित्र मोठे दिसावे म्हणून किमान १२०० पिक्सेल रुंदी सुचवलेली आहे. सैल चौकट ठेवून काढलेल्या एकाच चित्रातून ही तिन्ही प्रमाणे निघतात, आणि हे सैल चित्र काढण्याचे आणखी एक कारण आहे.

परत आलेल्या चित्राचे काय करावे, हेही विचारले होते. शेरा वाचून तेच चित्र सॉफ्टवेअरमध्ये उजळवून पुन्हा पाठवू नये. अंधारात काढलेले चित्र उजळवले की त्यातला रवाळपणा आणि पिवळेपणाही उजळतो. शेरा कशावर आहे ते पाहून तोच पदार्थ पुढच्या वेळी कराल तेव्हा फक्त ती एकच गोष्ट बदलून चित्र नव्याने काढावे. प्रत्येक वेळी खिडकी तबकडीच्या कोणत्या आकड्यावर होती, तिच्यापासूनचे अंतर, दिवसाची वेळ आणि अपर्चर यांची वहीत एका ओळीत नोंद करावी. दहा-बारा नोंदी झाल्या की आपल्या घरातले कोणते टेबल कोणत्या वेळी कामाचे आहे ते कळते, आणि पुढच्या वेळी पदार्थ शिजायला ठेवण्याची वेळ त्यावरून मागे मोजत ठरवता येते.